सासूला पावती

माझी आई ग्लेनाबा पहिल्यांदा गाडी चालवायला बसली तेव्हा अकरा वर्षांची होती. बुडाखाली पिठाची दोन पोती होती, म्हणून तिला काचेतून रस्ता दिसला. रस्ता कसला, लाल मातीत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. तिच्या वडिलांचा पाय मोडला होता, मेंढ्या दोन दिवस तहानलेल्या होत्या आणि पाणी नऊ मैलांवर पवनचक्कीपाशी. कोण जाणार, कोण जाणार, असं म्हणत घरातली मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली होती, तेवढ्यात बाहेर इंजिन घरघरलं. ही गोष्ट ती दरवर्षी सांगते आणि पोती दरवर्षी दोनच असतात, म्हणून मी ती खरी मानते.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. बेचाळीस मेंढ्या, अकरा शेळ्या, तीन कुत्री आणि शेजारच्या होगनमध्ये, म्हणजे मातीच्या गोल घरात राहणारी तिची थोरली बहीण, जिला डोळ्यांनी दिसत नाही. एवढ्या सगळ्यांचं पाणी ती एकटी आणते. चॅप्टर हाउसचा, म्हणजे आमच्या चावडीचा नळ चौदा मैलांवर आहे. हिरव्या पिकअपच्या मागच्या हौद्यात दोनशे गॅलनची प्लॅस्टिकची टाकी बांधलेली, ती भरायची आणि यायचं, आठवड्यातून दोनदा. कुणी मदत करतो म्हटलं की विचारते, "का? माझे हात गळून पडलेत का?"

आणि ती गाडी जोरात चालवते. हा तिचा दुर्गुण होता असं समजू नका, हा गुणच होता! आमच्याकडं दवाखाना साठ मैलांवर, अॅम्ब्युलन्स येईल तेव्हा येईल. तीन बाळंतिणींना तिनं वेळेत पोचवलं. चौथीचं पोर गाडीतच झालं, पण आईनं गाडी थांबवली नाही, ती म्हणते, "थांबून मी काय करणार होते, टाळ्या वाजवणार?" ते पोर आता सैन्यात आहे. पाऊस पडला की चाकोऱ्यांचा चिखल व्हायचा, त्यात जो हळू गेला तो रुतला. म्हणजे जोरात जाणं हेच शहाणपण. वेगमर्यादेचा तिचा हिशेब सोपा होता. किती जोरात जायचं ते खड्डा सांगतो.

मग डांबर आलं. खड्डे गेले आणि सांगणारं कुणी उरलं नाही. डांबराच्या मागोमाग पाट्या आल्या. मोकळ्यावर पंचावन्न, वळणावर पंचेचाळीस, चॅप्टर हाउसपाशी पंचवीस, जनावरं रस्त्यावर येतात म्हणून गाईचं चित्र. आणि शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी जागच्या जागी थांबायचं, मग तुम्ही कुणीही असा. आईनं पाट्या वाचल्या, नाही असं नाही. "चांगल्या आहेत," म्हणाली, "नवशिक्यांना उपयोगी पडतील."

आता माझ्या नवऱ्याकडं येते, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

मी पोलीस ठाण्यात रेडिओवर बसते. फोन आला की कुठल्या गाडीला कुठं धाडायचं ते मी सांगते. एलरॉय माझा नवरा, तो त्याच ठाण्याचा पोलीस. आमच्या दिने जमातीत जुनी रीत आहे, सासूनं आणि जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर डोळ्यांना अपाय होतो, असं म्हातारी माणसं सांगतात. हल्ली पुष्कळ घरांत कुणी पाळत नाही. आमच्या घरात पाळतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, आमचं घर आईच्या होगनपासून हाकेच्या अंतरावर, आणि या दोघांनी एकमेकांची पाठसुद्धा धड बघितलेली नाही. तो यायचा असला की मी आधी ओरडते. ती यायची असली की तीच खोकते. जेवणावळीत तो मांडवात बसतो, ती आत बसते, आणि मी मध्ये मटणाचं ताट घेऊन धावते.

बोलणंही माझ्याचमार्फत. "सांग त्याला, कुंपणाची तार सुटलीय." "सांग तिला, उद्या लावतो." दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभी असली, शब्दन् शब्द ऐकू येत असला, तरी मी सांगायचंच. मी बायको नाही, मुलगी नाही, मी टपालखातं आहे. पण एक कबूल करते. आई आठवडाभर परगावच्या धाकट्या बहिणीकडं गेली असताना त्यानं तिच्यासाठी मेंढ्यांचा अख्खा नवा वाडा बांधला. तिनं त्याच्या घोड्यासाठी जिनाखालची घोंगडी विणली, चार महिने बसून. एकमेकांना रोज बघणाऱ्या माणसांत मी एवढी माया पाहिलेली नाही.

चार वर्षांपूर्वी चॅप्टर हाउसजवळ एका गाडीपुढं मोकळा घोडा आला. गाडीतली दोन्ही माणसं गेली. गेलेल्या माणसांची नावं आम्ही घेत नाही. एलरॉयनंच त्यांना बाहेर काढलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यानं रस्ता मनावर घेतला. पंचवीसच्या पाटीजवळ जुनिपरच्या झाडामागं गाडी लावून बसायचा. सख्ख्या मामाची पावती फाडली. मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाबांची फाडली. माझ्या मावसभावाची, व्हर्जिलची, दोनदा फाडली, त्यातली एक वाढदिवसाला. लोक चिडले, पण हळू झाले.

एकच गाडी हळू होईना. हिरवी पिकअप दिसली की एलरॉय तोंड फिरवायचा! करणार काय? रडार साठ दाखवतंय, गाडी कुणाची ते शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि हा जुनिपरच्या खोडाकडं बघत बसलेला. थांबवायला जावं तर काचेत सासू. इकडं आड, तिकडं विहीर. दुसरा पोलीस बोलवावा तर तो सत्तर मैलांवर.

आणि आमच्या मातोश्रींच्या हे लगेच ध्यानात आलं. तिनं काय करावं? गाडीच्या आरशाला शेळीची पितळी घंटा बांधली. जुन्या काळी सासवा जावयाला कळावं म्हणून अंगावर घुंगरं लावायच्या, तर म्हणे ही तीच रीत. मी विचारलं, "आई, अगं लाज?"

"लाज कसली? त्यानं चुकून बघू नये म्हणून मी काळजी घेते."

"मग हळू जा ना!"

"हळू गेले तर त्याला जास्त वेळ तोंड फिरवून बसावं लागेल. मान दुखेल बिचाऱ्याची."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी पाय आपटत घरी आले.

सप्टेंबरात चॅप्टरची सभा झाली. एलरॉय नवे नियम समजावून सांगायला उभा राहिला. मुलांना मागच्या सीटवर बसवा, पट्टे लावा, पिकअपच्या हौद्यात माणसं बसवू नका. मागून व्हर्जिल उठला. आमच्याकडं काही नात्यांत एकमेकांची टर उडवायचा हक्कच असतो, आणि व्हर्जिल तो हक्क कधी वाया घालवत नाही.

"दाजी, एक शंका आहे. तुझ्या सासूच्या हौद्यात बसलं तर चालेल का? मला शहरात लवकर पोचायचंय."

हसून हसून लोकांच्या खुर्च्या हलल्या. पण मग कोपऱ्यातली एक म्हातारी उठली, ती हसत नव्हती. तिच्या लेकाचं लायसन्स एलरॉयच्या पावतीमुळं जप्त झालं होतं. ती म्हणाली, "आमच्या पोरांना कायदा आणि तुझ्या घरात रीत. बरं आहे तुझं." एलरॉय खाली बसला. घरी येताना वळणावर तो बरोबर पंचेचाळीसनं चालवत होता, ते बघून मला रडूच आलं.

ऑक्टोबरातला मंगळवार. सकाळचे आठ. मी कॉफी ओतत होते, तेवढ्यात रेडिओवर त्याचा आवाज आला.

"लोरिंडा. शाळेची बस थांबली होती, लाल दिवे चालू होते. एक पिकअप न थांबता पुढं गेली. मी मागं लागलोय."

"गाडीचा नंबर?"

"नंबर तुला पाठ आहे."

मी कप खाली ठेवला. नियमाप्रमाणं पुढचा प्रश्न विचारावा लागतो, म्हणून मी विचारला, "चालक कोण?"

"मी बघितलेलं नाही," तो म्हणाला. "पण आज मी थांबवणार आहे. तू तिला फोन लाव."

मी लावला. आईनं उचलला. "सांग त्याला, मी थांबलेय. आता दिवे बंद कर म्हणावं, मेंढीसारखा काय उडतोय मागं."

पुढं जे झालं ते अर्धं मला रेडिओवर ऐकू आलं, अर्धं फोनवर. उरलेलं व्हर्जिलनं सांगितलं, कारण तो मेला नेमका गवताच्या गासड्या घेऊन तिथून चालला होता. एलरॉय गाडीतून उतरला, टोपी नाकापर्यंत ओढली, आणि वळून उलटा चालत निघाला. पोलीसदादा पावतीपुस्तक छातीशी धरून पाठमोरा पिकअपकडं! एकदा खळग्यात पाय गेला, पण पडला नाही. आईच्या दारापाशी पोचला आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. आई आत पलीकडच्या काचेकडं तोंड करून बसली. दोघांमध्ये एक पत्रा. आणि मध्ये तीस मैलांवर मी, एका कानाला रेडिओ, दुसऱ्याला फोन.

"सांग तिला, लायसन्स दे."

"आई, लायसन्स दे."

"ऐकू येतं मला, बहिरी नाही. सांग त्याला, पर्स सीटखाली आहे, धीर धर."

"एलरॉय, धीर धर म्हणतेय."

"मलाही ऐकू येतं."

"मग मी कशाला आहे मध्ये!" मी ओरडले. पण ना कुणी फोन ठेवला, ना रेडिओ बंद केला, म्हणजे मी हवीच होते.

लायसन्स त्याच्या खांद्यावरून पुढं आलं. त्यानं न वळता घेतलं.

"विचार तिला, बसचे लाल दिवे दिसले नाहीत का?"

"सांग त्याला, सूर्य डोळ्यांत होता."

"सांग तिला, सकाळी आठ वाजता पश्चिमेकडं जाताना सूर्य पाठीवर असतो."

फोनवर पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला.  मग एलरॉयनं हळू आवाजात विचारलं, "विचार तिला, रस्त्यात एखादं पोर होतं का? मला बसमुळं पलीकडचं दिसलं नाही."

"कोणी नव्हतं," आई लगेच म्हणाली, मी विचारायच्या आत. "रस्ता रिकामा होता."

त्यानं पावती फाडली. बस एव्हाना शाळेकडं गेली होती. चालक बाई मुलांना जागेवर बसवत होती, एक गाडी सर्रकन गेल्याचा वारा तेवढा तिला लागला, म्हणाली.

बससाठी न थांबण्याचा गुन्हा साधा नाही. नव्वद दिवस लायसन्स जातं, त्यात मागंपुढं होत नाही. वेगाची पावती असती तर आईनं नाक मुरडून प्रकरण मिटवलं असतं. पण नव्वद दिवस, ते ऐन हिवाळ्यात! तिनं कागद घडी करून चोळीत खोचला आणि म्हणाली, "मी कोर्टात जाणार. लायसन्स गेलं तर मेंढ्यांना काय पाजू, बर्फ चघळायला देऊ? आणि आक्काला?"

"पाणी आम्ही आणू ना आई."

"म्हणजे मी दारात बादली घेऊन वाट बघत बसू, आज कुणाला सवड आहे म्हणून? साठ वर्षं मी कुणाची वाट बघितली नाही, लोरिंडा. ज्या दिवशी माझं पाणी दुसरं कुणी आणेल, त्या दिवशी त्या मेंढ्याही दुसऱ्या कुणाच्या होतील."

हे ती चिडून बोलली नाही, म्हणून मला जास्त लागलं. ती खरंच घाबरली होती. माझ्या आईला घाबरलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

एलरॉयची वेगळी तऱ्हा. पावतीवर खाली एक ओळ असते, 'चालकाला मी स्वतः पाहिलं', आणि पुढं सही. ती ओळ त्यानं कोरी ठेवली होती. ठाण्यातल्या सगळ्यांनी सांगितलं, अरे भर ना, कुणाला कळतंय, लायसन्स तिचंच आहे. तो म्हणाला, "मी बघितलं नाही, तर बघितलं कसं लिहू?" मी त्याला म्हटलं, "मग पावती तरी कशाला फाडलीस शहाण्या? ना घर का ना घाट का!" तो म्हणाला, "जे बघितलं त्याची फाडली. गाडी बघितली." अशा माणसाशी भांडता येत नाही, नुसतं डोकं धरून बसता येतं.

कोर्टाच्या तारखेपर्यंतच्या आठ आठवड्यांत घरात बोलणंच खुंटलं. "सांग त्याला" नाही, "सांग तिला" नाही. टपालखात्याला टाळं. एकदा लोकर पिंजताना मी आईला विचारलं, "खरंच कुणी नव्हतं ना गं रस्त्यात?" ती म्हणाली, "एकदा सांगितलं ना," आणि उठून बाहेर गेली. आणि आणखी एक गंमत. ती हळू चालवायला लागली. व्हर्जिल येऊन शपथेवर सांगून गेला की त्यानं पंचावन्नच्या रस्त्यावर तिला मागं टाकलं, आणि तिनं त्याला साधी शिवीही दिली नाही. मला वाटलं, कोर्टाची धास्ती.

डिसेंबरात तारीख लागली. आमच्या कोर्टाची खोली लहान, गोल, दार पूर्वेला. एलरॉयची खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. न्यायाधीश बिट्सुई बाई वयानं माझ्याएवढीच, पण आपल्यातलीच, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. खोली गच्च भरली होती. सभेतली ती म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. व्हर्जिल तर जेवणाचा डबा घेऊन आला होता.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "अधिकारी, त्या दिवशी ती पिकअप कोण चालवत होतं?"

एलरॉय भिंतीला म्हणाला, "मला माहीत आहे."

"माहीत आहे का, ते नाही विचारलं. चालकाला तुम्ही बघितलं का?"

"नाही."

"या आजींना तुम्ही ओळखून दाखवू शकाल?"

"नाही. अकरा वर्षांत एकदाही बघितलेलं नाही."

लोक खो खो हसले. न्यायाधीश बाईंनाही ओठ आवळावे लागले. मग त्यांनी पावती उजेडात धरली, ती कोरी ओळ बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही ओळ मी तुमच्या वतीनं भरू शकत नाही. बसच्या चालकानं बघितलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी थांबलेली गाडी बघितली. फोनवर मुलगी होती, पण मुलीला आईविरुद्ध उभं राहा, असं मी सांगणार नाही." मी तिच्याकडं बघितलं. त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तिची ऋणी राहीन. "म्हणजे माझ्यापुढं काहीच नाही. आजी, तुम्हाला काही बोलायचं नसेल तर मी हे प्रकरण काढून टाकते."

मागं कुणीतरी शीळ घातली. पहिल्या रांगेतली म्हातारी उठून दाराकडं निघाली, जणू हेच होणार हे तिला ठाऊक होतं. मी एलरॉयच्या पाठीकडं बघितलं. त्याचे खांदे इतके खाली आलेले मी त्या घोड्याच्या अपघातानंतर पहिल्यांदा बघत होते. आणि तरी सांगते, मनात मी सुटकेचा श्वास सोडला. सुटली माझी आई. पाणी वाचलं, मेंढ्या वाचल्या. एलरॉयची समजूत मी घरी काढली असती.

आई उठली. मखमली चोळी, गळ्यात पिरोजांची माळ, सणाला घालते ती. मला वाटलं आभार मानून बसेल.

"पोरी," ती न्यायाधीश बाईंना म्हणाली, "गाडी मी चालवत होते."

"आई!" मी ओरडले.

"गप बस. अकरा वर्षं तू बोलतेस, आज मला बोलू दे." ती पुन्हा पुढं वळली. "त्यानं मला बघितलं नाही, हे खरं आहे. पण मी त्या पोरीला बघितलं ना."

दाराकडं निघालेली म्हातारी थांबली.

"कुठली पोरगी, आजी?"

"टायलीन. वाळूच्या ढिगाऱ्यामागं राहतात ती माणसं. तिला उशीर झाला होता, ती पळत आली. लाल कोट. दप्तराचा एक पट्टा खांद्यावर, दुसरा लोंबत. मी ब्रेक दाबला, पण मागं टाकी भरलेली होती. आपण थांबलो तरी पाणी थांबत नाही, ते मागून ढकलतं. साठ वर्षं पाणी वाहतेय मी, मला हे माहीत नाही असं कसं म्हणू? पोरगी मागं उडी मारून खळग्यात बसली. इतकी जवळ होती की मला तिचा पडलेला दात दिसला. मी थांबले नाही. आरशात बघितलं, ती उठून घरी पळाली. मग मागं दिवे लागले."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"दुपारी शेळीची तंगडी घेऊन तिच्या आजीकडं गेले होते. तंगडी दिली. तिची आजी म्हणाली, आज हिची बस चुकली. मी म्हटलं, होय का? आणि परत आले." आईनं गळ्यातली माळ सरळ केली. "त्या पोरीनंही कुणाला सांगितलं नाही. मला घाबरते ती. मी तिथून गेले की ती झाडामागं लपते. आधी लपत नव्हती."

पहिल्या रांगेतली म्हातारी परत येऊन जागेवर बसली होती.

न्यायाधीश बाई हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही बोलला नसतात तर सुटला होतात. आता मला लायसन्स घ्यावं लागेल. नव्वद दिवस."

"घे. म्हणून तर बोलले." तिनं पर्समधून लायसन्स काढलं आणि मेजावर ठेवलं, ताट वाढावं तसं, नीट सरळ करून. "आणि तो पाठमोरा बसलाय त्याच्या कागदावर काही कमी आहे असं कुणी म्हणू नका. त्यानं बघितलं तेवढंच लिहिलं."

मी तिथंच रडायला लागले. राग, अभिमान, हिवाळ्यातलं पाणी, सगळं एकदमच आलं. मी डोळे पुसले आणि सवयीनं उभी राहिले. आता ती म्हणणार, सांग त्याला, आणि मी सांगणार.

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती मेजाकडं तोंड करून उभी होती आणि एलरॉय भिंतीकडं, दोघांच्या पाठी एकमेकांकडं. ती मोठ्यानं, सरळ त्याच्याशी बोलली.

"पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी लागतं. टाकी भरली की पस्तीसच्या वर जायचं नाही. उतारावर आधीच गियर उतरवायचा. ऐकलंस का, जावईबापू?"

 एलरॉयनं टोपी काढली.

"ऐकलं, आई."

मी दोघांच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभी होते, आणि मला सांगायला काहीही उरलं नव्हतं.